वाड्याचा लाकडी सांगाडा

घर कशाच्या आधारावर उभे असते, असा प्रश्न विचारला तर बहुतेक जण भिंतीकडे बोट दाखवतील. भिंत जाड म्हणजे घर मजबूत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या बाबतीत मात्र ही समजूत फारशी खरी नाही. एखादा जुना वाडा उतरवला जात असताना ज्यांनी लक्षपूर्वक पाहिले असेल, त्यांना एक नवल दिसले असेल. भिंतीचा बराचसा भाग काढून झाला तरी वरचा मजला जागच्या जागी राहतो, आणि फुटलेल्या भिंतीच्या पोटातून एकेक लाकडी खांब उघडा पडू लागतो. वाड्याचा भार वाहणारा खरा घटक तो खांब होय. भिंत ही त्याच्याभोवतीची वस्त्रे.

निसर्गातही शरीराला आकार देण्याच्या अशाच दोन तऱ्हा आढळतात. खेकड्याचे कठीण कवच बाहेर असते व तेच त्याच्या देहाला आधार देते. मनुष्याच्या शरीरात आधार आत असतो. हाडांच्या सांगाड्यावर स्नायू आणि त्वचा चढवलेली असते. दगडी मंदिर किंवा किल्ल्याचा बुरूज हा पहिल्या तऱ्हेचा, तर लाकडी खांबांचा वाडा हा दुसऱ्या तऱ्हेचा. दुसऱ्या तऱ्हेच्या घरात छपराचे व मजल्यांचे वजन तुळयांवर येते, तुळयांवरून खांबांवर जाते आणि खांबांवरून जमिनीत उतरते. भिंतीने फक्त ऊन, वारा, पाऊस आणि चोर यांना बाहेर ठेवायचे, एवढेच तिचे काम.

हा प्रकार एकट्या महाराष्ट्राचा नाही. इंग्लंडमध्ये ओक वृक्षाच्या लाकडाचे सांगाडे उभारून घरे बांधण्याची रीत कित्येक शतके चालू होती. तेथील सुतार ओले लाकूडच वापरीत. उभ्या-आडव्या वाशांच्या चौकटी जुळवून त्यांतील मोकळ्या जागा काठ्यांच्या विणीने भरीत आणि त्या विणीवर माती, शेण व पेंढा यांचा गिलावा देत. कोकणातील कुडाची भिंत ज्याने पाहिली आहे, त्याला ही कृती परकी वाटणार नाही. आजच्या सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत खांब आधी उभे राहतात आणि विटांच्या भिंती मागाहून भरल्या जातात, तत्त्व तेच. छत्तीसगडमधील भिलाईच्या कारखान्यातून निघणाऱ्या पोलादी तुळया जोडून मोठमोठ्या कार्यशाळांचे सांगाडे उभे केले जातात, तेही याच जातीचे. वाड्याच्या सुताराजवळ पोलाद नव्हते, सागवान होते.

या सांगाड्याची ओळख करून घेण्यामागे केवळ इतिहासाची हौस नाही. मराठवाड्यात व अन्यत्र आजही असंख्य कुटुंबे अशा घरांत राहतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात अशा घरांखाली हजारो माणसे गाडली गेली. घरात खांब होते, तुळया होत्या, भिंतीही हातभर जाड होत्या. मग ती घरे का पडली? या प्रश्नाचे उत्तर सांगाड्याच्या रचनेतच आहे. परंतु त्यासाठी प्रथम ती रचना पाहिली पाहिजे.

खण आणि खांब

जुन्या काळी घराचा आकार चौरस फुटांत सांगत नसत. तो खणांत सांगत. दोन खांबांमधील, म्हणजेच त्यांच्यावरच्या दोन तुळयांमधील, एक गाळा म्हणजे एक खण. सोपा पाच खणी, माजघर तीन खणी, असे म्हटले की सुताराला किती खांब, किती तुळया आणि किती कड्या लागतील याचा हिशेब तत्काळ करता येई. घराचे माप आणि घराची रचना यांना एकच शब्द असणे ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्या समाजात भिंत हाच घराचा आधार असतो, तेथे असा शब्द रूढ होण्याचे कारण नाही.

खणाची रुंदी सुताराच्या लहरीवर ठरत नसे. आडव्या तुळईवर वजन आले की ती मध्यभागी वाकू पाहते. तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. खांबांतील अंतर वाढवावे तसा हा ताण वाढतो, आणि वाकण्याचे प्रमाण तर त्याहूनही झपाट्याने वाढते. म्हणून बेताची लांबी ठेवणे शहाणपणाचे. तुळईची जाडी वाढवायची झाली तर ती कोणत्या दिशेने वाढवावी, हाही प्रश्न असतो. तुळई रुंदीला दुप्पट केली तर तिची भार सोसण्याची शक्ती दुप्पट होते. पण उंचीला दुप्पट केली तर ती चौपट होते. घरातील लाकडी पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून बोटाने दाबावी, आणि मग तीच पट्टी कडेवर उभी करून दाबावी. फरक हाताला लगेच कळतो. शाळेत असले गणित न शिकलेल्या सुतारांना हे अनुभवाने ठाऊक होते. त्यामुळे कड्या पुष्कळदा रुंदीपेक्षा उंचीला अधिक ठेवलेल्या आढळतात.

आता सांगाडा पायापासून वर पाहू. सर्वांत खाली घडीव दगडांचे जोते. त्यावर प्रत्येक खांबाच्या जागी एक दगडी बैठक. तिला तळखडा म्हणतात. तळखड्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना पसरलेले लाकडी हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या. या फळ्यांच्या छताला तक्तपोशी असे नाव आहे. वरचा मजला असेल तर तक्तपोशीवर मातीचा थर देऊन जमीन करतात आणि पुन्हा नवे खांब उभे राहतात. सर्वांत वर, पाऊस अधिक असलेल्या भागात आढे, वासे, रिपा आणि कौले यांचे उतरते पाखे. आणि कमी पावसाच्या पठारी भागात सपाट मातीचे माळवद.

यातील तळखडा दिसायला साधा, पण त्याचे महत्त्व फार. लाकूड हे बारीक नळ्यांची मोळी बांधावी तसे उभ्या तंतूंचे बनलेले असते. झाड जिवंत असताना याच तंतूंच्या मार्गाने पाणी मुळांकडून शेंड्याकडे चढते. झाड तोडून खांब केला तरी नळ्या तशाच राहतात. असा खांब ओल्या जमिनीत पुरला तर कंदिलाच्या वातीप्रमाणे तो ओल वर ओढून घेतो. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याहून अधिक राहू लागले की बुरशीला वाढता येते आणि कूज सुरू होते. खांबाचे टोक दगडावर टेकवले की हा मार्गच खुंटतो. शिवाय वाळवीला जमिनीतून थेट लाकडात शिरता येत नाही. तिला दगडावरून मातीची नळी बांधत यावे लागते, आणि ती नळी घरच्या माणसांच्या दृष्टीस पडते. सागवानात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात व ती वाळवीला आणि बुरशीला मानवत नाहीत. सागाची निवड झाली ती काही केवळ त्याच्या रंगासाठी नव्हे.

खांब व तुळई यांचा जोड हे सुताराचे खरे कसब. एका लाकडाच्या टोकाला अरुंद जीभ कोरतात, ती कुसू. दुसऱ्यात तिच्या मापाची खोबण पाडतात. कुसू खोबणीत बसवून आरपार भोक पाडतात व त्यात कठीण लाकडाची खुंटी ठोकतात. जेथे सैल वाटेल तेथे पाचर मारतात. लोखंडी खिळा ओलीने गंजतो आणि भोवतालचे लाकूड कुजवतो. लाकडी खुंटी लाकडाबरोबरच फुगते आणि आकसते. या जोडाचा आणखी एक गुण असा की तो थोडासा हलू शकतो. या हालचालीत त्याची शक्तीही आहे आणि दुर्बलताही. त्याचा विचार पुढे येईल.

डोळ्यांना दिसणारी रचना

पुण्यातील विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला. पेशवाई बुडाल्यानंतर १८२१ साली त्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. रस्त्यावरून पाहणाऱ्याची नजर प्रथम खिळते ती दर्शनी भागातील लाकडी सज्जावर व त्यावरील कोरीव कामावर. आतील चौकात गेले की खांबांची रांग दिसते. वर निमुळते होत गेलेले, अंगावर उभ्या पन्हळी असलेले हे खांब सुरूच्या झाडाच्या आकाराचे म्हणून सुरूदार म्हटले जातात. त्यांच्या माथ्याशी केळफुले कोरलेली असतात. नाना फडणीसांच्या पुण्यातील वाड्यात आणि वाईजवळ कृष्णाकाठी असलेल्या त्यांच्या मेणवलीच्या वाड्यातही हीच शैली आढळते.

अशा खांबांमध्ये पुष्कळदा नक्षीदार लाकडी महिरपी बसवलेल्या असतात आणि त्या पाहून महिरपीनेच वरचा भार तोलला आहे असा भास होतो. दगडी कमानीत ते खरे असते. तेथे एकेक दगड शेजारच्या दगडावर दाब देऊन भार बाजूला सरकवतो. लाकडी महिरप मात्र बहुधा केवळ फळीतून कापलेली शोभा असते. ती काढून घेतली तरी वरची तुळई जागची हलत नाही. हस्ताची गोष्ट वेगळी. त्यावर पोपट, मोर, वेलबुट्टी काहीही कोरलेले असो, तो काम करीत असतो. खांबाच्या माथ्यापासून दोन्ही बाजूंना हात पसरून तो तुळईची अधांतरी लांबी कमी करतो, आणि खांब व तुळई यांच्यातील काटकोन पक्का ठेवण्यास थोडीबहुत मदत करतो. कोणती नक्षी भार वाहते आणि कोणती नुसती मिरवते, हे ओळखण्याचा खेळ कोणत्याही वाड्यात जाऊन खेळता येण्यासारखा आहे.

भिंतींकडे वळले तर त्यांतही एक क्रम दिसतो. तळमजल्याच्या भिंती दगडाच्या व जाड, त्यांवर भाजलेल्या विटांच्या, आणि वरवर जावे तसतशी जाडी कमी. वजन खाली, हलकेपणा वर. चौसोपी वाड्यात मध्ये उघडा चौक असून त्याच्या चारही बाजूंना सोपे असतात. चौकाकडील बाजू खांबांवर मोकळी सोडलेली, रस्त्याकडील बाजू जाड भिंतीने बंद केलेली. त्यामुळे चौकात उभे राहिले तर घर लाकडाचे वाटते आणि रस्त्यात उभे राहिले तर दगडविटांचे. खरे पाहता रस्त्याकडील भिंतीच्या पोटातही पुष्कळदा खांब असतात. ते दिसत नाहीत, एवढेच. या न दिसण्यामुळेच पुढे अनर्थ ओढवतो.

आग आणि पाणी

लाकडी घराला आगीचे भय असते, हे सांगावयास नको. १७३० साली पाया घातला गेलेल्या पुण्याच्या शनिवारवाड्याला २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. आज तेथे तट, दरवाजे, दिल्ली दरवाजावरील नगारखाना आणि आतील दगडी जोती तेवढी उरली आहेत. जोत्यांवरून फिरताना मजल्यांची कल्पना येत नाही, कारण मजले लाकडाचे होते. नागपूरकर भोसल्यांचा, ज्यांचा अंमल छत्तीसगडपर्यंत पोहोचला होता त्यांचा, नागपुरातील राजवाडा १८६४ साली असाच जळाला. त्याच्या लाकडी कोरीव कामाची ख्याती होती. विश्रामबागवाड्याचाही एक भाग १८७९ च्या आगीत गेला. लंडन शहरात १६६६ साली लागलेल्या प्रचंड आगीत लाकडी घरांच्या आळ्याच्या आळ्या भस्म झाल्या, आणि पुढे तेथे विटा किंवा दगड यांनीच बांधकाम करण्याचे निर्बंध घालण्यात आले.

तरीही आगीच्या बाबतीत लाकडाची जेवढी बदनामी झाली आहे तेवढी त्याच्या वाट्याला यावयास नको. जाड तुळई पेटली की तिचा बाहेरचा थर कोळसा होतो, आणि कोळसा उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळे तो आतील लाकडाचे रक्षण करतो. जळण्याची गती मिनिटाला साधारणपणे अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते. म्हणजे हातभर जाड तुळईचा गाभा पुष्कळ वेळ शाबूत राहतो. उघडे पोलाद मात्र पुरेसे तापले की लाल होण्याच्या सुमारास आपली निम्म्याहून अधिक शक्ती गमावते आणि एकाएकी वाकते. वाडे जळाले ते मुख्यतः बारीक सामानामुळे. पातळ फळ्या, जाळीदार खिडक्या, पडदे, कोरडी कडीपाट, आणि भरीला चारही बाजूंनी हवा पुरवणारा चौक.

पाण्याचा हल्ला निराळ्या दिशेने होतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचा लोंढा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरला. त्या दिवशी कोसळलेल्या जुन्या घरांच्या भिंतींत विटांना जोडणारा पदार्थ पुष्कळ ठिकाणी चुना नसून माती होती. कोरडी असताना दगडासारखी वाटणारी माती पाण्यात भिजली की तिचे कण सुटतात व भिंत आपल्याच वजनाने खचते. पण असा पूर एखाद्या पिढीला एखादाच येतो. त्याहून अधिक नुकसान करते ती एक फुटकी पन्हळ. छपरावरून गळणारे पाणी वर्षानुवर्षे भिंतीत मुरते, भिंतीच्या पोटातील खांबाला हवा लागत नाही, ओल वाळत नाही, आणि तळखडा असूनही खांब मधूनच कुजतो. बाहेरून गिलावा स्वच्छ दिसतो. ज्या दिवशी खांबाने भार सोडला त्या दिवसापासून तो भार गुपचूप भिंतीवर येऊन पडतो, आणि जिचे काम भार वाहण्याचे नव्हे ती भिंत त्याखाली पोट फुगवू लागते.

चौकोन आणि त्रिकोण

आता किल्लारीच्या प्रश्नाकडे येऊ. मराठवाड्यातील गावांत घरे बांधण्याची रीत वाड्याहून मुळात भिन्न नाही. सुमारे अडीच मीटर अंतरावर लाकडी खांब, त्यांवर तुळया, कड्या आणि फळ्या. हाच खणांचा सांगाडा. भोवती ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या भिंती. जाडी दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत. फळ्यांवर मातीचे माळवद, पन्नास ते ऐंशी सेंटीमीटर जाडीचे. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जाणाऱ्या या प्रदेशात मातीचा असा थर म्हणजे वरदानच. दुपारची उष्णता त्यातून हळूहळू झिरपते व ती घरात पोहोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते. गळती दिसली की घरधनी वर आणखी माती टाकतो. असे करता करता पिढ्यान्‌पिढ्या थर वाढत जातो.

या थराचे वजन किती असेल? साठ सेंटीमीटर जाडीच्या मातीचे वजन दर चौरस मीटरला जवळजवळ एक हजार किलोग्रॅम भरते. अडीच मीटर लांब आणि तितक्याच रुंद एका खणावर सहा टनांहून अधिक माती बसलेली असते. कौलारू छपराचे, वासे-रिपा धरूनही, वजन चौरस मीटरला शंभर किलोग्रॅमच्या आतच असते. ही सहा टन माती एरवी काही उपद्रव करीत नाही. ती सरळ खाली दाबते, आणि सरळ दाब सोसण्यात लाकडी खांब पटाईत असतो.

भूकंपात जमीन आडवी हलते. गाडी एकदम सुटली की उभा असलेला प्रवासी मागे झुकतो, तसेच छपराचे होते. पाया सरकतो आणि वरचे वजन जागच्या जागी राहू पाहते. हा आडवा धक्का वजनाच्या प्रमाणात वाढतो. धक्क्याचे प्रमाण गुरुत्वाच्या एकपंचमांश धरले तरी एका खणावर सव्वा टनाचा आडवा जोर येतो. खांब-तुळयांच्या चौकटीने तो सोसावयाचा कसा?

येथे भूमितीचा एक साधा सिद्धान्त उपयोगी पडतो. चार पट्ट्या टोकांशी खिळ्यांनी जोडून एक चौकोन करावा आणि त्याचा एक कोपरा ढकलावा. पट्टी एकही मोडत नाही, पण चौकोन तिरका होऊन आडवा पडतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण करून ढकलला तर तो मोडल्याशिवाय आकार बदलत नाही. चौकोनाच्या कर्णावर एक पाचवी पट्टी ठोकली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तोही ताठ होतो. खांब आणि तुळई यांची चौकट हा चार पट्ट्यांचा चौकोन आहे, आणि थोडासा हलणारा कुसवाचा जोड हा त्याचा खिळा. या चौकटीला आडव्या दिशेने ताठ ठेवण्याचे काम इतके दिवस कोणी केले? भोवतालच्या जाड भिंतीने. भार वाहण्यात जिला वाटा नव्हता, ती सांगाड्याला उभे धरून ठेवीत होती. म्हणून आरंभी भिंतीला जे वस्त्र म्हटले, ते अर्धेच खरे.

किल्लारीत ही भिंतच प्रथम सुटली. तिच्या बाहेरच्या व आतल्या अंगाचे दगड दोन निरनिराळ्या पडद्यांसारखे रचलेले, मध्ये कपच्या आणि माती भरलेली. दोन्ही पडद्यांना आरपार बांधणारे लांब दगड क्वचितच. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे असताना सुमारे ६.२ प्रमाणाचा धक्का बसला तेव्हा हे पडदे एकमेकांपासून सुटून आत आणि बाहेर कोसळले. लोक झोपेत होते. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे मृत्युमुखी पडली. कित्येक घरांत भिंती पडल्या तरी लाकडी सांगाडा डोक्यावरील मातीसह उभा राहिलेला तज्ज्ञांना आढळला. जेथे खांब कुजलेले होते, किंवा कड्या खांबांवर न टेकता थेट भिंतीवर टेकवलेल्या होत्या, तेथे सारे छप्पर खाली आले. गवती छपराच्या झोपड्या मात्र बहुतांशी बचावल्या. गावातील गरिबाचे घर त्या रात्री श्रीमंताच्या घरापेक्षा सुरक्षित ठरले.

त्या काळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात धरलेला होता. पुढे २००२ साली तो विभागच रद्द करण्यात आला. जेथे कोणाच्या आठवणीत मोठा धक्का नाही, तेथे सुताराच्या हातात भूकंपाची सवय कोठून येणार? जेथे ती आली, तेथे तिचा ठसा लाकडात उमटलेला दिसतो. काश्मीरमध्ये उभे, आडवे आणि तिरके लाकडी तुकडे जुळवून त्यांतील लहान लहान कप्पे दगडमातीने भरण्याची पद्धत आहे. तिला धज्जी-देवारी म्हणतात. धज्जी म्हणजे चिंधी. भिंत गोधडीसारखी तुकड्यांची दिसते म्हणून हे नाव. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात अशा घरांना तडे गेले, गिलावा झडला, परंतु त्यांपैकी पुष्कळ घरे कोसळली नाहीत. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या अभियंत्यांनी नव्या इमारतींच्या भिंतींत फुलीच्या आकाराच्या तिरक्या लाकडांचा पिंजरा बसवण्याची योजना केली. सैनिकांच्या तुकड्या भोवती संचलन करवून त्या पिंजऱ्याची परीक्षा घेतली, असे सांगतात. इंग्लंडमधील सुतारही कोपऱ्याकोपऱ्यांत तिरके वासे देतात; तेथे कारण भूकंपाचे नसून वाऱ्याचे आणि उभारणीच्या सोयीचे. मात्र वजनाचा नियम त्यांनाही चुकला नाही. चेशर परगण्यातील लिटल मोर्टन हॉल या सोळाव्या शतकातील प्रसिद्ध घरावर मागाहून एक लांबलचक दालन चढवले गेले आणि त्यावर जड दगडी फरशांचे छप्पर घातले गेले. त्या ओझ्याने खालचे मजले वाकडेतिकडे झाले आहेत. प्रवाशांना तो वाकडेपणा मोठा गमतीचा वाटतो.

दुरुस्ती

किल्लारीनंतर बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. परंतु धक्का बसूनही टिकून राहिलेली जुनी घरे आसपासच्या प्रदेशात फार मोठ्या संख्येने होती, आणि ती सर्व पाडणे शक्यही नव्हते, इष्टही नव्हते. त्यांच्यासाठी अभियंत्यांनी जे उपाय सुचवले ते विलक्षण साधे आहेत. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात लाकडाचा किंवा लोखंडाचा एक तिरका तुकडा दोन्हीकडे पक्का जोडावा. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात एक लहान त्रिकोण तयार होतो. माळवदाची माती उतरवून थर पातळ करावा आणि गळती थांबवण्यासाठी मातीऐवजी पाणी न झिरपणारा पडदा घालावा. भिंतीत ठरावीक अंतरावर दगड काढून त्या भोकांतून दोन्ही पडद्यांना बांधणारे काँक्रीटचे लांब ठोकळे भरावेत. भिंतीच्या माथ्यावर सर्व बाजूंनी फिरणारा पट्टा द्यावा, जेणेकरून चारही भिंती एका पेटीप्रमाणे एकत्र हलतील. या सर्वांत खर्चाच्या मानाने सर्वांत अधिक लाभ देणारा उपाय माती उतरवण्याचा होय, आणि लोक त्यालाच सर्वांत नाखूश असतात. कारण भूकंप केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही, पण उन्हाळा दरवर्षी येतो. ही अडचण खरी आहे. पातळ केलेल्या थराला चुन्याचा पांढरा हात दिला तर उन्हाचा बराच भाग परतवला जातो, आणि गमावलेल्या थंडाव्यापैकी काही परत मिळतो.

पुण्या-वाईच्या वाड्यांना भूकंपापेक्षा दुर्लक्ष अधिक भोवले आहे. त्यांच्या दुरुस्तीत पहिले काम असते ते भिंतीतील लपलेले खांब शोधण्याचे. जाणता सुतार लाकडावर हातोडीने हलकेच ठोकून पाहतो. निरोगी सागवान खणखणीत आवाज देते, पोखरलेले बद्द वाजते. संशय आला तर टोकदार सळई टोचून किती खोल जाते ते बघतो. खांबाचा खालचा हातभर भागच कुजला असेल तर सगळा खांब बदलण्याची आवश्यकता नसते. वरचा मजला टेकूंवर तोलून धरतात, कुजका भाग कापून टाकतात, आणि त्याच जातीच्या, पुरेशा वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने व खुंट्यांनी जोडतात. अशा खांबाभोवती पुन्हा भिंत रचताना सिमेंटचा गिलावा टाळावा. तो ओल आत कोंडून ठेवतो. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडू शकते. खांबाच्या भोवती बोटभर पोकळी ठेवून तिला खाली आणि वर हवेची वाट दिली, तर पुढच्या पिढीतील सुताराला त्या ठिकाणी हातोडी वाजवण्यापलीकडे फारसे काम उरत नाही.